ओतिलियाच्या नावाची लाईन

ती गेली तेव्हा शिवणयंत्र नेलं,
लोकरीची पोती नेली, मांजर ठेवलं.
तांब्याची लाईन राहिली, तिच्याच नावावर,
स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येणारी,
तिच्या लोकरीच्या दुकानाच्या काळातली.
बिल अजून ती भरते, पुएर्तो मोन्तहून.
का भरते, मी विचारलं नाही.
बंद कर, असंही म्हणालो नाही.

माझी लाईन छपरावर :
एक पांढरी थाळी, खाडीपलीकडच्या चोन्चीच्या टॉवरकडे बघत असते.
उत्तरेचा वारा सुटला की मान फिरवते.

आणि कामं अशी की
पाण्याखाली लोंबणाऱ्या शिंपल्यांच्या दोरांचं चित्रण
दर शुक्रवारी कंपनीला धाडायचं.
चाळीस दोर.
शुक्रवारी सकाळी फाईल लावली
तर शनिवारी दुपारीही ती आपली रांगतेच आहे,
आणि कंपनीचा तो पोरगा फोनवर :
दोन रोसामेल, शनिवार उजाडायच्या आत हवं होतं.

मग यास्ना आली फेरीबोटीने,
ओतिलियाची भाची, पण माझ्याशी बोलते.
संगणकाला एका बाजूने केबल खुपसली,
दुसऱ्या बाजूने छपरावरची हवा दिली.
संगणक बघत राहिला दोघींकडे
आणि एकीचंच ऐकू लागला.

मी म्हणालो, आमच्या बेटावर अख्खं घर बैलांनी ओढून नेतात,
चुलीसकट, तावदानांसकट, या टेकडीवरून त्या टेकडीवर.
दहा जोड्या एका दोराला.
आणि तुझ्या दोन वायरींना एक जू लागत नाही?

ती म्हणाली, घर एक असतं, काका,
आणि रस्ताही एकच.
घर कापून अर्धं इकडून, अर्धं तिकडून धाडायचं
तर पलीकडे ते सांधणारं कुणीतरी बसलेलं हवं.

मी चुलीत लाकूड सारलं.

फाईलीचं जमेल, ती म्हणाली,
तिचे तुकडे केलेले चालतात, कंपनीचं यंत्र जोडून घेतं.
बोलण्याचं तसं नाही. एक बोलणं एकाच रस्त्याने जातं.
आणि किरकोळ कामांसाठी
प्रत्येक रस्त्याला एक आकडा द्यायचा असतो,
लहान आकडा पुढे, मोठा मागे.
कुणाचा लहान ठेवू?

तिचा, मी म्हणालो.
तिची लाईन हळू आहे, काका.
ठेव म्हटलं ना.

शुक्रवारी फाईल लावली.
दोन हिरव्या पट्ट्या, एक सुसाट, एक खुरडत,
पण दोन्ही चालत्या.
मी माते पीत बसलो, मांजर गरम संगणकाला टेकलं.
रात्री दहाला उत्तरेचा वारा उठला,
पत्रे वाजले, छपरावर थाळीने मान टाकली.
सुसाट पट्टी गप्प.
एरवी इथेच सगळं पहिल्यापासून लावायचं असे.
खुरडणारी मात्र चालत राहिली,
बावन्न टक्के. त्रेपन्न.
बराच वेळ त्रेपन्न.

पावणेबाराला संगणक टिणटिणला.
सात महिन्यांत पहिल्यांदा तिचं नाव.
"कंपनीचा मेसेज आलाय, माझ्या लाईनवर म्हणे एवढा डेटा कधीच गेला नव्हता.
काय धाडतोयस एवढं?"

मी लिहिलं, यास्ना आली होती म्हणून.
पुसलं.
लिहिलं, तुझी लाईन चांगली आहे.
तेही पुसलं.
"शिंपले," लिहिलं, आणि पाठवलं.

"कसे आहेत या वर्षी?"

भुईवर दोन्ही पाय टेकवून नीट बसलो.
चाळीस दोरांबद्दल एका बोटाने लिहायचं म्हणजे वेळ लागतो.
तिसऱ्या दोराला चिखल जास्त, हे लिहिलं,
सव्विसाव्याचे शिंपले माझ्या अंगठ्याएवढे, हे लिहिलं.
मांजराचं लिहायचं राहिलं,
ते पुढच्या वेळी.

बाहेर थाळी पत्र्यावर आपटत होती.
सकाळी शिडी लावून सरळ करेन.
घाई नाही.
चौपन्न.